स्नायूच्याही आधीची हालचाल

ॲक्टिन हे प्रथिन विज्ञानाला सापडलं ते सशाच्या स्नायूत, १९४२ साली, हंगेरीतल्या सेगेड या शहरात. स्नायूत सापडलं म्हणून ते स्नायूचं ठरलं, आणि ही समजूत मोडायला पुढे जवळजवळ तीस वर्षं जावी लागली. आज आपल्याला माहीत आहे की यीस्टच्या पेशीत ॲक्टिन आहे, अमीबात आहे, झाडांच्या पानामुळांत आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशीत आहे आणि कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म रोमांतही आहे. प्राण्यांच्या स्नायूत ते जे काम करतं ते त्याच्या अनेक कामांपैकी एक आहे, आणि उत्क्रांतीच्या कालक्रमात बरंच उशिराचं आहे. मग एवढी उघड गोष्ट कळायला इतका वेळ का लागला? पुरावा नव्हता म्हणून, असं उत्तर सहज सुचतं. पण इतिहास तपासला तर ते टिकत नाही. सेगेडच्या पहिल्याच प्रयोगांत ॲक्टिनचे दोन वेगवेगळे गुण दिसले होते. मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने ते आकुंचन घडवतं, हा एक. आणि सुटे कण एकमेकांना जोडत जाऊन ते आपले आपण तंतू उभारतं, हा दुसरा. प्रश्न स्नायूचा होता, म्हणून सगळ्यांचं लक्ष पहिल्या गुणाकडे गेलं. दुसरा गुण डोळ्यांसमोर असूनही त्याचं खरं महत्त्व कळायला अर्धं शतक लागलं. प्राणिजीवनात या प्रथिनाचं स्थान नेमकं काय, हे समजून घ्यायचं असेल तर या दोन्ही गुणांचा इतिहास एकत्र वाचावा लागतो, असं माझं म्हणणं आहे.

सेगेडच्या आधीची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १८६४ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी बेडकाच्या स्नायूतून मिठाच्या पाण्यात उतरणारा एक चिकट पदार्थ वेगळा काढला आणि त्याला मायोसिन म्हटलं. मृत्यूनंतर शरीर ताठ का होतं, या प्रश्नाच्या मागे लागून ते तिथवर पोचले होते. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत स्नायू म्हणजे मायोसिन, असंच समीकरण झालं. दुसरीकडे स्नायूला लागणाऱ्या ऊर्जेचा शोध चालू होता. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपल्या आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे एटीपी हा रेणू शोधून काढला. दुसऱ्याच वर्षी डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी दाखवलं की स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होणं विषाने थांबवलं तरी तो काही काळ आकुंचन पावतो. म्हणजे आकुंचनाचं कारण आम्ल नव्हे. आणि १९३९ मध्ये मॉस्कोत व्लादिमीर एंगेलगार्ट आणि त्यांच्या पत्नी मिलित्सा ल्युबिमोवा यांनी या दोन धाग्यांची गाठ बांधली. एटीपी फोडून ऊर्जा मोकळी करणारं विकर मायोसिनपासून वेगळं काढता येत नाही, असं त्यांना आढळलं. ज्या पदार्थाचा स्नायू बनलेला आहे, तोच पदार्थ त्याचं इंधनही जाळतो. ही बातमी सेगेडला पोचली तेव्हा युरोपात युद्ध पेटलं होतं.

सेगेडच्या वैद्यकीय रसायनशास्त्र संस्थेचे प्रमुख होते आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी. क जीवनसत्त्व आणि पेशींतलं ज्वलन यांवरच्या कामासाठी त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं होतं. आता ते स्नायूकडे वळले. त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांचं काम इथे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. नुकत्याच मारलेल्या सशाचा स्नायू थंडगार यंत्रात बारीक करायचा, त्यात पोटॅशियम क्लोराइडचा तीव्र विद्राव घालायचा आणि वीसेक मिनिटांनी गाळ बाजूला करायचा, अशी मायोसिन काढण्याची रूढ रीत होती. त्यातून पातळ विद्राव मिळे. तेच मिश्रण रात्रभर तसंच राहिलं, तर दुसऱ्या दिवशी हाती येणारा विद्राव कितीतरी घट्ट असे. या घट्ट विद्रावात एटीपी घातलं की तो झटकन पातळ होई. वीस मिनिटांच्या विद्रावावर मात्र एटीपीचा असा परिणाम होत नसे. वीस मिनिटांच्या विद्रावाला त्यांनी मायोसिन अ म्हटलं, रात्रभरच्या घट्ट विद्रावाला मायोसिन ब. मग या घट्ट विद्रावाची बारीक धार पाण्यात सोडून त्याचे धागे बनवले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांवर उकळलेल्या स्नायूचा रस टाकला. धागे आखडले. त्या रसातलं एटीपी हे त्याचं कारण होतं. जिवंत शरीराबाहेर, पेशी नाही, मज्जातंतू नाही, फक्त प्रथिन आणि एटीपी एवढ्यावर आकुंचन घडल्याचं माणसाने पाहिलं. आपल्या आयुष्यातला हा बहुधा सर्वांत रोमांचक क्षण, असं सेंट-ग्यॉर्गी पुढे सांगत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

मग अ आणि ब यांत फरक कशाचा? हे कोडं सोडवलं ब्रूनो श्ट्राउब या तरुण सहकाऱ्याने. त्यांचा तर्क असा: रात्रभरात स्नायूच्या गाळातून आणखी काहीतरी विद्रावात उतरत असणार, तेव्हा मायोसिन काढून घेतल्यावर जो गाळ उरतो तोच तपासावा. आजवर तो गाळ फेकून दिला जात होता. श्ट्राउब यांनी तो अॅसिटोनने धुतला, वाळवून त्याची पूड केली आणि ती पूड साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवली. पाण्यात एक नवं प्रथिन उतरलं. हे पाणी पातळ होतं, त्यातले रेणू सुटे आणि गोलसर होते. त्यात थोडं मीठ घातलं की काही वेळात ते दाट होई, कारण सुटे रेणू एकामागोमाग एक जुळून लांबच लांब तंतू बनत. मीठ काढलं की तंतू पुन्हा सुटत. हे तंतू मायोसिन अ मध्ये मिसळले की मायोसिन ब तयार होई, आणि त्याचे धागे एटीपीने आखडत. नव्या प्रथिनाला ॲक्टिन हे नाव मिळालं. म्हणजे मायोसिन ब हे स्वतंत्र प्रथिन नव्हतंच. ते दोन प्रथिनांचं एकत्रित रूप होतं. एका चंबूत घडलेल्या या दोन घटना वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. मायोसिनशी जुळून आकुंचन ही एक. मायोसिनचा स्पर्शही नसताना कणांतून तंतू आणि तंतूंतून कण ही दुसरी. सेगेडच्या गटाने दोन्ही काळजीपूर्वक नोंदवल्या. पण पहिली घटना स्नायूचा उलगडा करत होती, दुसरी मात्र प्रथिन शुद्ध करण्याची एक सोय वाटत होती. पूर्ण वाढलेल्या स्नायूतले ॲक्टिनचे तंतू तर कायमचे उभे असतात; तिथे ते सतत घडण्या-मोडण्याचं कारणच दिसत नव्हतं.

हे सगळं घडत होतं ते महायुद्धाच्या धामधुमीत. हंगेरी जर्मनीच्या गोटात होती, पाश्चिमात्य नियतकालिकांशी संपर्क तुटला होता, म्हणून सेगेडच्या गटाने आपले शोधनिबंध संस्थेच्याच खंडांत छापले. त्यांच्या फार थोड्या प्रती देशाबाहेर गेल्या. सेंट-ग्यॉर्गी स्वतः राजकारणात ओढले गेले. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले आणि हंगेरीला युद्धातून बाहेर काढण्यासाठी दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी करून आले. ही गोष्ट जर्मनांना कळली. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतल्यावर त्यांना भूमिगत व्हावं लागलं, आणि स्वीडनच्या वकिलातीने त्यांना आसरा दिला. स्नायूवरच्या कामाचं एकत्रित विवेचन १९४५ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकाची पुरवणी म्हणून छापून आलं, तेव्हा कुठे जगाला ॲक्टिनची नीट ओळख झाली. युद्धामुळे शोधाला उशीर झाला, म्हणून त्याचा अर्थ कळायलाही उशीर झाला, असं कुणी म्हणेल. पण हे कारण चार-पाच वर्षांपलीकडे पुरत नाही. १९५० पर्यंत ॲक्टिन युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत सर्रास तयार होऊ लागलं होतं. त्याच वर्षी श्ट्राउब आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की ॲक्टिनच्या प्रत्येक रेणूला एटीपी चिकटलेलं असतं आणि तंतू जुळताना ते फुटतं. तंतू उभारण्याच्या क्रियेत ऊर्जा खर्च होते, हे यातून कळलं. निसर्ग ऊर्जा उगाच खर्च करत नाही, एवढा साधा संशयही तेव्हा मूळ धरू शकला नाही. उशिराचं खरं कारण पुढच्या घटनेत सापडतं, आणि ती घटना अपयशाची नसून मोठ्या यशाची होती.

१९४७ मध्ये सेंट-ग्यॉर्गी अमेरिकेत वुड्स होल इथे गेले. तिथे त्यांनी सशाच्या पाठीतल्या स्नायूच्या पट्ट्या ग्लिसरीन आणि पाण्याच्या समान मिश्रणात बुडवून थंडीत ठेवल्या. ग्लिसरीनने पेशीचं आवरण निकामी होतं, आतले विरघळणारे पदार्थ धुऊन जातात, तंतूंची मांडणी मात्र तशीच राहते. अनेक आठवड्यांनी अशा पट्टीवर एटीपी टाकलं तरी ती जोमाने आखडते. या मृत पण कार्यक्षम स्नायूने पुढच्या पिढीला उत्तम साधन दिलं. ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन हे दोन ब्रिटिश संशोधक तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये होते. स्नायूचे बारीक तंतुक त्यांनी मायोसिन विरघळवणाऱ्या विद्रावात धुतले तेव्हा त्यावरचे गडद पट्टे नाहीसे झाले. म्हणजे मायोसिन गडद पट्ट्यांत होतं आणि ॲक्टिन फिकट पट्ट्यांतून आत शिरलेलं होतं. एटीपीने तंतुक आखडला तेव्हा गडद पट्ट्यांची लांबी बदलली नाही, फिकट पट्टे तेवढे अरुंद झाले. तिकडे केंब्रिजमध्ये अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांना बेडकाच्या जिवंत स्नायुतंतूत हेच दिसलं. दोघे हक्सली एकमेकांचे नातलग नव्हते. २२ मे १९५४ च्या ‘नेचर’मध्ये दोन्ही निबंध शेजारी शेजारी छापले गेले. तोवर प्रबळ मत असं होतं की आकुंचनात प्रथिनाचा रेणू स्वतःच घडी पडून आखूड होतो. लीड्सच्या विल्यम ॲस्टबरी यांच्या क्ष-किरण अभ्यासाने त्याला बळ दिलं होतं. आता कळलं की कुठलाच तंतू आखूड होत नाही. रस्सीखेचीत गडी हातावर हात टाकत दोर ओढतात, तशी मायोसिनची टोकं ॲक्टिनचा तंतू पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात.

हे स्पष्टीकरण इतकं नेटकं आणि सुंदर होतं की ॲक्टिन आणि मायोसिन म्हणजे स्नायूची शिस्तबद्ध पट्टेदार रचना, असं मनात घट्ट बसलं. जिथे पट्टे नाहीत तिथे ही यंत्रणा शोधायचीच कशाला? वास्तविक शोधणारे होते. १९५२ मध्येच एरियल लोवी यांनी फायसॅरम या पिवळ्या श्लेष्मबुरशीच्या गोळ्यातून ॲक्टिन-मायोसिनच्या जोडीसारखा पदार्थ काढला होता; एटीपीने त्याचा दाटपणा बदलत होता. १९५४ मध्ये, म्हणजे ‘नेचर’मधले ते दोन निबंध आले त्याच वर्षी, हायडेलबर्गच्या हार्टमुट हॉफमन-बर्लिंग यांनी ग्लिसरीनमध्ये ठेवलेल्या साध्या संयोजी ऊतीच्या पेशी एटीपीने आखडताना दाखवल्या. १९५९ मध्ये बर्नमध्ये माणसाच्या प्लेटलेटमधून असंच प्रथिन निघालं. रक्ताची गुठळी हळूहळू आवळत जाते ती कशाने, याचं उत्तर त्यात होतं. तरीही या कामांना कडेची जागा मिळाली. याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीर आहे: त्या काळच्या वैज्ञानिकांनी सावध राहणं योग्यच नव्हतं का? काढलेल्या पदार्थात रक्तवाहिनीच्या स्नायूची भेसळ असू शकत होती, आणि एटीपीने दाटपणा बदलतो एवढ्यावरून दोन प्रथिनं एकच ठरत नाहीत. हा आक्षेप प्लेटलेटच्या किंवा ऊतीच्या बाबतीत ग्राह्य धरता येतो. पण श्लेष्मबुरशीला ना रक्तवाहिनी, ना स्नायू; तिथे भेसळ येणार कुठून? लोवींचा पुरावा अपुरा होता हे खरं. पण अपुरा पुरावा तपासून पुरा करायचा असतो. ते तपासणं चौदा वर्षं लांबलं, कारण प्रश्नच बहुतेकांना दुय्यम वाटत होता.

कोंडी फुटली १९६६ मध्ये, जपानच्या नागोया विद्यापीठात. सादाशी हातानो आणि फुमिओ ओसावा यांनी फायसॅरममधून ॲक्टिन शुद्ध रूपात काढलं. मिठाने ते सशाच्या ॲक्टिनसारखेच तंतू उभारत होतं आणि सशाच्या मायोसिनशी जुळतही होतं. तीन वर्षांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हारुनोरी इशिकावा, रिचर्ड बिशॉफ आणि हॉवर्ड होल्ट्झर यांनी एक देखणी युक्ती केली. सशाच्या मायोसिनचा टोकाकडचा तुकडा ॲक्टिनच्या तंतूला चिकटला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तंतूवर बाणांच्या टोकांची एकसारखी रांग दिसते, हे ह्यू हक्सलींनी आधी दाखवलं होतं. या तिघांनी तो तुकडा ग्लिसरीनने आवरण निकामी केलेल्या इतर पेशींत सोडला. कूर्चेच्या पेशी, संयोजी ऊतीच्या पेशी, त्वचेसारख्या आवरणाच्या पेशी, सगळीकडे बारीक तंतूंवर बाणांच्या रांगा उमटल्या. भेसळीची शंका इथे संपली, कारण जे दिसलं ते पेशीच्या आत, जागच्या जागी दिसलं. १९७४ मध्ये एलिआस लाझारिडीस आणि क्लाउस वेबर यांनी ॲक्टिनविरुद्धची प्रतिपिंडं चमकत्या रंगाने माखून पेशीवर सोडली, आणि सपाट पसरलेल्या पेशीतून आरपार गेलेल्या ॲक्टिनच्या जुड्या अंधारात उजळून निघाल्या. रसायनशास्त्रानेही साक्ष दिली. १९७३ मध्ये सशाच्या ॲक्टिनची अमिनो आम्लांची पूर्ण साखळी वाचली गेली; ती पावणेचारशेच्या आसपास दुव्यांची आहे. सस्तन प्राण्यांत ॲक्टिनचे सहा प्रकार निघाले, चार स्नायूंत आणि दोन जवळपास प्रत्येक पेशीत, आणि हातापायांच्या स्नायूतल्या प्रकारात व पेशीतल्या साध्या प्रकारात फरक केवळ पंचवीसेक दुव्यांचा. १९८० मध्ये यीस्टचं ॲक्टिन वाचलं गेलं, तेही सशाच्या ॲक्टिनशी सुमारे ८७ टक्के जुळलं.

साखळी जुळली तरी काम जुळेलच असं नाही, अशी शंका तरीही उरते. तिला उत्तर १९८३ मध्ये स्टॅनफर्डला मिळालं. गोड्या पाण्यात नायटेला नावाचं शैवाल वाढतं. त्याची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यातला जीवरस अखंड गोल फिरत असतो. या पेशीच्या आतल्या बाजूला ॲक्टिनच्या तंतूंच्या समांतर जुड्या ओळीने लावलेल्या असतात. मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी अशी एक पेशी लांबीत चिरून उघडली, पसरून टाचली आणि तिच्यावर सशाच्या स्नायूतल्या मायोसिनने माखलेले चमकणारे सूक्ष्म मणी सोडले. एटीपी होतं तेव्हा मणी त्या जुड्यांवरून एकाच दिशेने सरकत गेले. एटीपी नसेल तर थांबले. सशाचं मायोसिन वनस्पतीच्या ॲक्टिनवर चाललं. वनस्पती आणि प्राणी यांचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरीही दोघांच्या प्रथिनांची पकड एकमेकांना बसते. याचा अर्थ एकच निघतो. ही जोडी प्राणी अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी तयार झाली होती, आणि प्राण्यांनी ती आयती घेतली.

आतापर्यंतची हकिकत ॲक्टिनच्या पहिल्या गुणाची झाली. दुसऱ्या गुणाचा, म्हणजे स्वतःहून तंतू उभारण्याचा, इतिहास याला समांतर चालत होता. १९६७ मध्ये बुरशीपासून मिळालेल्या सायटोकॅलेसिन या द्रव्याचा विलक्षण परिणाम नोंदवला गेला. ते दिलेल्या पेशी जागच्या हलत नाहीत. त्यांचं केंद्रक दुभंगतं, पण पेशी दुभंगत नाही, म्हणून एकाच पेशीत दोन केंद्रकं राहतात. हे द्रव्य ॲक्टिनच्या तंतूच्या टोकाशी बसून नवे कण जुळू देत नाही, असं पुढे कळलं. म्हणजे कण जुळत राहणं हेच पेशीच्या हालचालीचं एक कारण होतं. यावर सर्वांत बोलका पुरावा दिला एका रोगजंतूने. लिस्टेरिया हा जीवाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिथल्या तिथे वेगाने फिरू लागतो. १९८९ मध्ये लुईस टिल्नी आणि डॅनिएल पोर्टनॉय यांनी दाखवलं की त्याच्यामागे ॲक्टिनच्या तंतूंचं लांब शेपूट असतं. जीवाणूच्या पाठीशी नवनवे कण जुळत राहतात आणि तंतू वाढताना त्याला पुढे ढकलतात. १९९९ मध्ये फ्रान्समध्ये मरी-फ्रान्स कार्लिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध केलेली मोजकी प्रथिनं एकत्र करून हीच धाव पेशीबाहेर घडवली. त्या मिश्रणात मायोसिन नव्हतंच. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूच्या दिशेने पुढचा भाग पसरतात तो याच बळावर, आणि गर्भात मज्जापेशीचं टोक वाट शोधत पुढे सरकतं त्यातही हेच बळ आहे. श्ट्राउब यांच्या चंबूत मीठ घातल्यावर दाट होत गेलेलं पाणी म्हणजे पेशी चालण्याचं मूळ होतं, हे कळायला १९४२ पासून जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

आता दुसरा मोठा आक्षेप. ॲक्टिन एवढं जुनं आणि सार्वत्रिक असेल, तर मग स्नायू ही प्राण्यांची नवी निर्मिती नाहीच का? बेडकाची उडी, चित्त्याची धाव, पक्ष्याची भरारी यांत नवं काहीच नाही का? नवं नक्कीच आहे, पण ते मांडणीत आहे. कोट्यवधी तंतू एका मापाने कापल्यासारखे ओळीत लावणं, त्यांना आधार देणारी अवाढव्य प्रथिनं जोडणं, आणि कॅल्शियमचा इशारा मिळताच सगळ्यांनी एकदम काम सुरू करावं अशी ट्रोपोनिनसारखी व्यवस्था उभारणं, हे प्राण्यांचं कर्तृत्व आहे. २०१२ मध्ये पॅट्रिक स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलेल्या पुराव्यातून ही विभागणी स्वच्छ दिसते. पट्टेदार स्नायूला लागणाऱ्या अनेक मूळ प्रथिनांचे जनुक प्राण्यांच्या एकपेशीय नातलगांत आधीच आहेत. ज्यांना स्नायूच नाहीत अशा स्पंजांतही स्नायूच्या प्रकारचं मायोसिन आहे. आणि जेलीफिशचे पट्टेदार स्नायू व आपले पट्टेदार स्नायू हे एकाच मूळ स्नायूपासून आलेले नाहीत. जेलीफिशच्या गटात ट्रोपोनिन सापडत नाही. जुन्याच सामानातून दोनदा, दोन ठिकाणी, एकसारखी रचना उभी राहिली. त्याहूनही मागे गेलं तर १९९० मध्ये उलगडलेल्या ॲक्टिनच्या त्रिमित रचनेशी जुळणारं प्रथिन जीवाणूंत मिळालं. ते लांबट जीवाणूंचा आकार सांभाळतं आणि ॲक्टिनसारखेच तंतू उभारतं. २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाच्या गाळातून ज्यांचे जनुक वाचले गेले त्या लोकी नावाच्या आर्किया गटात तर ॲक्टिनचे याहून जवळचे नातलग सापडले. स्नायू हा या वंशवेलीचा एक बहर आहे. तिचं मूळ तो नव्हे.

आणखी एक आक्षेप उलट दिशेने येतो: असं असेल तर स्नायूपासून सुरुवात केली हीच विज्ञानाची चूक झाली, नाही का? मला हे मान्य नाही. स्नायूच्या तंतुकांतल्या प्रथिनांत सुमारे पाचवा हिस्सा ॲक्टिनचा असतो. एका सशापासून भरपूर शुद्ध ॲक्टिन मिळतं. १९४२ च्या साधनांनी श्लेष्मबुरशीतून किंवा अमीबातून ते काढणं जवळजवळ अशक्य होतं. शिवाय बाणांची टोकं उमटवणारा तुकडा स्नायूच्या मायोसिनचा होता, शैवालावर चाललेले मणीही स्नायूच्या मायोसिनचे होते. स्नायूबाहेरचं ॲक्टिन ओळखायला स्नायूचीच कसोटी उपयोगी पडली. तेव्हा आरंभबिंदू बरोबर होता. चूक झाली ती एवढीच की जिथे वस्तू मुबलक सापडली तिथलीच ती आहे, असं गृहीत धरलं गेलं. मुबलकता आणि मूळ या वेगळ्या गोष्टी आहेत. विज्ञानाच्या इतिहासातून काही शिकायचं असेल तर हे शिकण्यासारखं आहे, कारण असं गृहीतक कधी उघडपणे मांडलं जात नाही आणि म्हणून ते तपासलंही जात नाही.

या फरकाचे परिणाम आज प्रत्यक्ष उपचारांत दिसतात. ॲक्टिन सर्व पेशींत जवळपास एकच असल्यामुळे त्याच्यावर थेट घाव घालणारं द्रव्य सगळ्याच पेशींवर घाव घालतं. म्हणूनच सायटोकॅलेसिन, किंवा विषारी डेथ कॅप अळंब्यातलं फॅलॉइडिन, प्रयोगशाळेत अनमोल ठरलं तरी औषधाच्या पेटीत येऊ शकलं नाही. मायोसिनचे मात्र निरनिराळ्या ऊतींत निरनिराळे प्रकार आहेत, आणि तिथे हृदयापुरतं नेमकं औषध शक्य झालं: हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताच्या वाटेत अडथळा आणणाऱ्या आजारावर, हृदयातल्या मायोसिनचा जोर कमी करणारं मावाकॅम्टेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. कोणतं प्रथिन सर्वांचं आणि कोणतं एका ऊतीचं, हा भेद कळल्याशिवाय असं औषध कुठे शोधायचं हेही ठरवता येत नाही. तरीही आपल्याकडे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला ॲक्टिन प्रामुख्याने भेटतं ते सांगाडा आणि हालचाल यांच्या प्रकरणात, दंडाच्या स्नायूचं चित्र काढून. ते चित्र खरं आहे आणि शिकवायलाच हवं. पण क्रम उलटा असावा असं मला मनापासून वाटतं. आधी पेशी शिकवताना ॲक्टिन यावं: पेशी दुभंगते, सरकते, जखमेवर आवळते ती त्याच्यामुळे, हे मुलांनी आधी समजून घ्यावं; आणि मग स्नायू यावा, त्याच जुन्या प्रथिनाची प्राण्यांनी केलेली सर्वांत शिस्तबद्ध मांडणी म्हणून. १९४२ मध्ये शोध ज्या क्रमाने लागला तो क्रम साधनांनी ठरवला होता. समजून घेण्याचा क्रम ठरवायला आज आपण मोकळे आहोत, आणि तो जीवसृष्टीच्या क्रमाशी जुळेल असा ठेवण्यातच शहाणपण आहे.